तिसरं पिंप

मंदारने अबर्डीनहून आणल्या तीन इवल्या बाटल्या,
मोज्यांत गुंडाळून,
होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या वाटाव्यात एवढ्या.
प्रत्येकीवर त्याच्या हातची चिठ्ठी: पिंपाचा आकडा, साल.
भट्टी एकच, सातू एकच, एकाच आठवड्यात गाळलेली.
फरक फक्त पिंपांचा, म्हणाला,
आणि पोरांना घेऊन सराफ्यात निघून गेला.

तिसरीची चिठ्ठी बॅगेत सांडलेल्या शाम्पूने पुसली होती.

स्नेहनगरच्या गच्चीत आम्ही तिघं:
मी, गिरणीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सूत तपासलेला,
मेव्हणा दिगंबर, ज्याला सगळं आधीच माहीत असतं,
आणि खालच्या मजल्यावरच्या नलूताई खासगीवाले,
वय एकोणऐंशी,
"मी फक्त वास घेईन" म्हणत वर आलेल्या.

माप म्हणजे खोकल्याच्या औषधाचं झाकण.
शेवेची ताटली दिगंबरने मागे सारली:
"लवंगेने जीभ मरते, भिया."

पहिली. आधी बर्बन राहून गेलेलं पिंप.
रंग उसाच्या रसात बर्फ विरघळून गेल्यावरचा.
दिगंबर म्हणाला, व्हॅनिला.
मी म्हणालो, कस्टर्ड, तळाला लागलेलं.
नलूताई म्हणाल्या, ओल्या नारळाची वडी,
पाक जरा पुढे गेलेली.
तिघं एकच सांगत होतो बहुतेक.

दुसरी. शेरीचं पिंप.
लाखेचा रंग. मनुका, खारीक, चिंचेचा कोळ,
ट्रंकेत शालूखाली विसरलेलं चामडी पाकीट.
घोट गिळला तरी जिभेवरून उठायला तयार नाही,
निरोप घेऊन दारात तासभर बोलणाऱ्या पाहुण्यासारखा.
दिगंबर डोळे मिटून "वा" म्हणाला
तेव्हा मला त्याचा राग आला,
कारण मलाही तेच म्हणायचं होतं.
नलूताईंनी नाक बाजूला घेतलं.
"हिने फार दागिने घातलेत."

तिसरी.
रंग नाही म्हटलं तरी चालेल.
दिगंबर म्हणाला, बिघडलीय, शाम्पू गेला आत.
मी वहीत लिहिलं: धूर? खोडलं.
मग लिहिलं: बाफल्यांच्या गोवऱ्या, विझल्यावर, लांबून.
तेही खोडलं.
नलूताईंनी तांब्यातलं नळाचं पाणी,
म्हणजे नर्मदेचंच,
चमच्याने सोडलं. दोन थेंब. तिसरा चुकून.
"मैया माफ करेल."
थोडा वेळ काहीच नाही.
खाली कुणाची तरी स्कूटर तीनदा किक मारून सुरू झाली.
आणि मग सातू.
नुसता सातू,
रात्री भिजत घातलेला, सकाळी फडक्यात बांधलेला,
मोड यायच्या आदल्या दिवशीचा.

साडेबाराला मंदार परतला, शर्टावर जलेबीचा पाक.
आकड्यांशी ताडून म्हणाला, अच्छा, ते थकलेलं पिंप.
चौथ्यांदा भरलं होतं, एकवीस वर्षं.
लाकडात द्यायला काही उरलं नव्हतं.
एरवी असलं मिसळून टाकतात दुसऱ्यांत.

"म्हणजे त्या पिंपाने काहीच नाही केलं," दिगंबर म्हणाला.

"गळू तर दिलं नाही ना?" नलूताई म्हणाल्या.

त्यांचं झाकण कोरडं होतं. कधी, ते आम्हाला दिसलं नाही.

मी जुन्या सवयीने वहीत शेरा मारला:
नमुना अपुरा. पुन्हा मागवावा.
मंदार हसला. काका, एकाच पिंपातली होती ती,
बाटल्या भरल्या, संपली. आता कुठून मागवणार?

नलूताई कठडा धरून उतरू लागल्या,
मुठीत तिसरी बाटली, रिकामी.
लवंगेचं तेल ठेवीन म्हणाल्या तीत, दाढेसाठी.
वास लागेल जरासा. लागू दे.